सोळाची दांडी

"साहेबांचं वजन किती वो, वहिनी?" दस्तगीर मिस्त्रींनी गाडीखालूनच विचारलं.

मला वाटलं, मी काहीतरी चुकीचं ऐकलं. कुहूला मी या कडेवरून त्या कडेवर घेतलं. "काय म्हणालात?"

"वजन. सत्यजित साहेबांचं."

"ब्याऐंशी असेल. का?"

"आणि तुमचं?"

मिस्त्रींचे नुसते पाय गाडीखालून बाहेर आले होते, म्हणून माझा चेहरा त्यांना दिसला नाही. "बावन्न," मी म्हटलं. खरं म्हणजे बाळंतपणानंतर मी छप्पन्नवर अडकले होते.

"बाळाचं?"

"आठ किलो दोनशे." हे मात्र ग्रॅमपर्यंत खरं होतं. दर सोमवारी मी तिचं वजन करायची, डॉक्टरांनी सांगितलेलं नसतानाही.

पाय हलले आणि मिस्त्री सरपटत बाहेर आले. पंचावन्नचे असतील. डोक्याला रुमाल, दाढी मेंदीने लालसर, गुडघे धरून उठायची सवय. "म्हंजे साठ झालं. बावीस किलो वाळू लागंल," म्हणत त्यांनी खडूने भिंतीवर २२ लिहिलं. "कसं हाय, गाडी जॅकवर लटकत असताना नट आवळलं, तर आतली रबरं पिळून बसत्यात. मग जल्मभर कुरकुरत्यात. गाडी आपल्या चाकावर उभी पायजे, चालवणारा आत बसलेला पायजे, मगच शेवटचा आटा. साहेब पुण्यात. तवा आज साहेब तुम्हीच."

"मी आणि वाळू."

"आणि बाळ," मिस्त्री गंभीरपणे म्हणाले. "वरचं दोनशे ग्रॅम धरलं न्हाई म्हणून रागावंल ती."

मी हसले. त्या शेडमध्ये त्या दिवशी मी हसले होते, हे मला अजून आठवतं.

ही चौदा वर्षांपूर्वीची गोष्ट. कोल्हापुरात, उद्यमनगरात, लेथ मशिनांच्या दोन कारखान्यांच्या मध्ये मिस्त्रींची पत्र्याची शेड होती. नोव्हेंबर होता, उसाचा हंगाम सुरू झाला होता आणि रस्त्यांवर ट्रॉल्यांची रांग लागली होती. सत्यजितची गाडी शेडच्या मधोमध उभी होती. १९६७ सालची विलायती स्पोर्ट्स गाडी, बाटलीसारखी गर्द हिरवी, दोनच सीटा, कापडी टप, आणि इतकी बुटकी की आत बसलं की शेजारच्या स्कूटरवाल्याची चप्पल डोळ्यांसमोर येई. बेळगावच्या एका डॉक्टरांकडून सत्यजितने ती घेतली तेव्हा अर्धी गाडी खोक्यांमध्ये होती. मिस्त्रींनी दोन वर्षं खपून ती उभी केली. लग्नानंतर माझ्या नवऱ्याच्या तोंडून मी सगळ्यात जास्त वेळा कुणाचं नाव ऐकलं असेल, तर दस्तगीरमामांचं.

त्या आठवड्यात मात्र गाडीपेक्षा मोठी गोष्ट पणाला लागली होती. जुन्या गाड्यांच्या क्लबचे अध्यक्ष होते आबासाहेब इंगवले. त्यांच्या स्वतःच्या अकरा गाड्या होत्या आणि त्या सगळ्यांची देखभाल मिस्त्रींकडे सोपवायचं त्यांच्या मनात होतं. रविवारी क्लबची रॅली पन्हाळ्याला जाणार होती. आबासाहेब त्या दिवशी स्वतःची गाडी काढणार नव्हते. सत्यजितच्या शेजारी बसून जाणार होते, मिस्त्रींचं काम अंगाखाली घेऊन बघायला. मिस्त्रींनी शेडमागचा रिकामा तुकडा आधीच भाड्याने घेतला होता. नवे पत्रे भिंतीला टेकवून ठेवलेले होते, त्यांच्यावरचा निळा कागदही अजून निघाला नव्हता.

"अकरा गाड्या म्हंजे म्हातारपण निघालं की, वहिनी," असं मी आल्या आल्या ते म्हणाले होते. "मग पोरीला म्हणायचं, तुझं तू शिक, बापाची काळजी करू नगं."

गाडीत एकच खोट राहिली होती. वळणावर ती झुकायची. त्यासाठी मागच्या दोन चाकांना जोडणारी आडवी दांडी बसवायची होती. स्टॅबिलायझर बार म्हणतात तिला. गाडी एका अंगाला कलली की ही दांडी पिळली जाते आणि गाडीला सरळ धरते. दांडी जितकी जाड, तितकं झुकणं कमी. सत्यजितच्या एका मित्राने इंग्लंडहून दोन आणल्या होत्या, एक बारा मिलिमीटरची आणि एक सोळाची. कुठली लावायची ते मिस्त्री ठरवतील, असं सांगून सत्यजित कारखान्याच्या कामासाठी चार दिवस पुण्याला गेला. मी फक्त दांड्या घेऊन शेडवर आले होते. पोचवून परत जायचं, एवढंच माझं काम होतं.

पण मी थांबले.

त्याला कारण होतं. दोन महिन्यांपूर्वी आम्ही तिघं जोतिबाला गेलो होतो. कुहू माझ्या मांडीवर. एका वळणावर गाडी माझ्या बाजूला अशी कलली की माझा हात सुटला आणि कुहूचं कपाळ दाराच्या मुठीवर आपटलं. सुपारीएवढं टेंगूळ आलं. दोन दिवसांत ते गेलंही. पण माझ्या डोक्यातून ते वळण गेलं नाही. मी रात्रंदिवस त्या झुकण्याबद्दल वाचत सुटले. मी फिजिक्समध्ये एम.एस्सी. केलेली. दांडीची जाडी वाढली की तिची ताकद चौथ्या घाताने वाढते, हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. कुहूच्या लसीकरणाच्या कार्डामागे मी गणित मांडलं होतं: बाराच्या तुलनेत सोळाची दांडी तिपटीहून जास्त ताठ. जाड दांडीने ओल्या रस्त्यावर गाडीची शेपूट निसटू शकते, असंही एका ठिकाणी लिहिलेलं होतं. ते मी वाचलं नव्हतं असं नाही. ते वाचून मी पान बदललं.

मिस्त्रींनी बाकावरून बाराची दांडी उचलली आणि कपड्याने पुसायला घेतली.

"ती का?" मी विचारलं.

"हीच लावायची."

"पण सोळाची जास्त चांगली आहे. झुकायचं जवळजवळ थांबेल."

"थांबंल की," मिस्त्री म्हणाले. "म्हणून तर न्हाई लावायची."

"म्हणजे?"

त्यांनी दांडी मांडीवर ठेवली. कुणाला तरी पहिल्यांदा सायकल शिकवावी तशा आवाजात ते बोलले. "गाडी झुकती म्हंजे ती बोलती, वहिनी. सांगती, आता बास, आता हळू. जाड दांडी लावली की ती बोलायची बंद. वळणावर अशी ताठ जाईल की वाटंल, वा! आणि मागची दोन्ही चाकं एकमेकांस्नी बांधल्यागत व्हत्यात. एक सुटलं की दुसरंबी सुटलं. कोरड्यात काय न्हाई. वल्ल्यात सांगायची न्हाई आणि सवरायची न्हाई."

"मी यावर बरंच वाचलंय, मिस्त्री."

"असंल की."

"चौथ्या घाताने वाढते ताकद. तिपटीहून जास्त होते."

"तेच म्या म्हणालोय," ते हसून म्हणाले. "तिप्पट लई झाली." मग, काही मनात न ठेवता, सहज विचारल्यासारखं: "तुम्ही चालवतासा व्हय गाडी?"

मला गाडी येत नव्हती. दोनदा शिकायला गेले होते आणि दोन्ही वेळा तिसऱ्या दिवशी सोडून दिलं होतं.

"नाही," मी म्हटलं.

"मग ऱ्हाऊ द्या," मिस्त्री म्हणाले, आणि दांडी पुसायला लागले.

त्यांनी टोमणा मारला नव्हता. आज मला ते कळतं. त्या वेळीही बहुतेक कळलं होतं. पण कानशिलं तापली. इतका वेळ उभं राहून खांदे भरून आले होते, कुहू माझी साखळी ओढत होती, आणि दहावी नापास माणूस मला राहू द्या म्हणत होता. हे असंच्या असं माझ्या मनात आलं होतं, या शब्दांत. लिहिताना बोट अडखळतं, पण आलं होतं.

"थांबा," मी म्हटलं. "मी ह्यांना विचारते."

"विचारा की."

मी शेडबाहेर गेले. कोपऱ्यावर उसाच्या रसाचं गुऱ्हाळ होतं, घुंगरं वाजत होती. मी फोन कानाला लावला. नंबर लावलाच नाही. लावला असता तर सत्यजित काय म्हणाला असता ते मला माहीत होतं: "दस्तगीरमामा म्हणतील ते. त्यात तू कशाला पडतेस?" मी बंद फोनवर मिनिटभर बोलले. "हो... हो... बरं, सांगते," असं. हातवारेसुद्धा केले. रसवाल्याने माझ्याकडे बघून एक ग्लास पुढे केला, तर मी त्याला मानेनेच नको म्हटलं, बोलण्यात गुंतलेल्या माणसासारखं.

आत येऊन मी म्हटलं, "ते म्हणाले, सोळाच लावा."

मिस्त्रींचा हात थांबला. "साहेब म्हणालं?"

"हो."

"कारण सांगितलं व्हतंसा? वल्ल्याचं?"

"सगळं सांगितलं."

त्यांनी क्षणभर दोन्ही दांड्यांकडे बघितलं. मग बाराची कागदात गुंडाळून बाकाखाली सरकवली. "गाडी त्यांची. त्यांनी ठरवलं म्हंजे ठरलं," म्हणाले आणि सोळाची उचलली.

पुढचे दोन तास त्यांनी जे काम केलं, तसं काम मी पुन्हा कुणाचं बघितलं नाही. मनाविरुद्धचं काम होतं, पण हाताला ते ठाऊक नव्हतं. रबरी बुशांना त्यांनी ग्रीस लावलं नाही. तेलकट काही लागलं की रबर फुगतं, म्हणून साबणाचं पाणी करून लावलं. दांडी सांगाड्याला धरणाऱ्या दोन पट्ट्या डाव्या-उजव्या मोजून, पुन्हा मोजून बसवल्या. नट हाताने फिरवून ठेवले. मग गाडी खाली उतरवली, वाळूचं पोतं पायांपाशी ठेवलं आणि मला म्हणाले, "या साहेब, बसा."

मी कुहूला घेऊन चालकाच्या सीटवर बसले. स्टेअरिंगला तिने दोन्ही हातांनी धरलं आणि आनंदाने किंचाळली. मिस्त्री गाडीखाली गेले. पान्याची कट्कट् सुरू झाली. प्रत्येक नट आवळला की ते आतून "हां" म्हणायचे आणि त्यावर पिवळ्या रंगाचा ठिपका द्यायचे. खालून त्यांचा आवाज आला, "वहिनी, एक निरोप साहेबांस्नी न इसरता द्या."

"काय?"

"वल्ल्या रस्त्यावर वळणात असताना एक्सलेटरवरचा पाय एकदम काढायचा न्हाई. काढला की गाडी फिरली. हळूच, हळूच काढायचा. एवढं ध्यानात ठेवलं की सोळाबी चालंल. सांगशीला न्हवं?"

"सांगते."

"शनिवारी मी मिरजेला, पाव्हण्यांचं लगीन हाय. न्हाईतर मीच बोललो असतो. गाडी शुक्रवारी घरी लावून जातो. तुम्ही सांगितलं म्हंजे झालं."

"सांगते मी," मी पुन्हा म्हटलं.

शनिवारी संध्याकाळी सत्यजित पुण्याहून आला तो चहासुद्धा न घेता खाली पार्किंगमध्ये गेला. गाडीने कॉलनीला दोन फेऱ्या मारून वर आला तेव्हा चेहरा लहान मुलासारखा झाला होता.

"गौतमी, अगं रुळावर धावल्यासारखी धावते! झुकतच नाही. कुठली बसवली?"

"सोळाची."

"सोळा?" तो बूट काढता काढता थांबला. "मला वाटलं, मामा बारा म्हणतील."

इथे एक वाक्य पुरलं असतं. मी कुहूच्या लंगोटांच्या घड्या करत होते.

"मिस्त्रीच म्हणाले सोळा," मी म्हटलं.

"हां? मग बरोबरच असेल. त्यांना कळतं. आणखी काही म्हणाले?"

निरोप ओठांवर होता. पण तो सांगितला असता, तर पुढचा प्रश्न आला असता: एवढी भीती होती तर लावलीच कशाला? रॅली सकाळची होती, आकाश निरभ्र होतं, पावसाळा केव्हाच संपला होता. ओला रस्ता येणार कुठून?

"नाही. काही नाही," मी म्हटलं.

ओला रस्ता आला तो पावसाने नाही. पन्हाळ्याच्या घाटात तिसऱ्या वळणावर उसाची ट्रॉली रात्रभर बंद पडून होती. तिच्यातलं पाचट रस्ताभर सांडलं होतं आणि त्यावर पहाटेचं दव पडलं होतं. सत्यजितला ते दिसलं. ते दिसल्यावर कुणीही करील तेच त्याने केलं: घाबरून एक्सलेटरवरचा पाय काढला. गाडी जागच्या जागी फिरली आणि मागच्या अंगाने कठड्यावर आदळली. सत्यजितच्या भुवईला तीन टाके पडले. आबासाहेबांचं उजवं मनगट मोडलं. कठड्याच्या पलीकडे दीडशे फूट खोल दरी होती.

तीन दिवसांनी आबासाहेबांनी सगळ्यांना बंगल्यावर बोलावलं. मला बोलावलेलं नव्हतं. पण सत्यजितचा डोळा सुजलेला, त्याला गाडी चालवता येत नव्हती, म्हणून रिक्षाने मी आणि कुहू बरोबर गेलो. खरं सांगायचं तर मी घरी राहू शकले असते. तिथे काय बोलणं होतंय ते माझ्या पाठीमागे होऊ नये, म्हणून गेले.

मिस्त्री आधीच आलेले होते. इस्त्रीचा पांढरा सदरा, खांद्यावर धुतलेला पंचा. खुर्ची होती, तरी उभेच होते. आबासाहेबांचा हात गळ्यात बांधलेला. मी कोपऱ्यातल्या वेताच्या सोफ्यावर बसले. दुपारचे तीन वाजले होते, कुहूची झोपेची वेळ. माझ्या खांद्यावर डोकं टाकून ती पडली होती, आणि तिच्या तोंडाची ओल माझ्या ब्लाउजमधून आत लागत होती.

"दस्तगीर," आबासाहेब म्हणाले, "मनगटाचं सोड. घोड्यावरनं पडून दोनदा मोडलंय हे. मला एकच सांग. ती जाड दांडी कुणाच्या डोक्यातनं निघाली? रस्त्यावरच्या गाडीला सोळा? तू? माझा विश्वास बसत नाही."

मिस्त्रींनी सत्यजितकडे बघितलं. अदबीने, थोडं खालच्या आवाजात म्हणाले, "साहेबांनीच सांगितलं व्हतं."

"मी?" सत्यजित ताठ बसला. "मामा, मी पुण्यात होतो. तुम्हीच म्हणालात ना सोळा? मला तर वाटलं होतं तुम्ही बारा लावाल."

"म्या म्हणालो?"

"मग कोण? आणि असू दे, लावलीत, चांगल्या मनाने लावली असेल. पण ओल्यात ती अशी फिरेल, पाय एकदम काढू नका, एवढा एक शब्द? कुणाजवळ तरी निरोप? दोन वर्षं मी तुमच्या शब्दाबाहेर गेलो नाही, मामा. आबासाहेब शेजारी होते. एक फूट इकडेतिकडे झालं असतं तर..."

मिस्त्रींचं तोंड उघडलं. काहीतरी बोलणारच होते ते. मग मिटलं. इंजिनातला बारीक आवाज ऐकताना ते मान तिरकी करत, तशी त्यांची मान तिरकी झाली, आणि हळूहळू वळून त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

त्या नजरेत राग नव्हता. असता तर मीही त्यांच्यावर रागावू शकले असते. सगळं त्यांना कळलं होतं. पुण्याचा फोन, निरोप, सगळं. आणि ते थांबले होते. गर्दीत एखाद्या बाईला जागा करून द्यावी, तशी त्यांनी मला जागा करून दिली होती. परक्या पुरुषांसमोर, नवऱ्यासमोर, एका बाईचं नाव ते स्वतः घेणार नव्हते. माझं मीच घ्यायचं होतं.

"तिकडं काय बघतोस? इकडं बोल," आबासाहेब म्हणाले.

'सोळा मी सांगितलं.' तीन शब्द. काय झालं असतं? आबासाहेबांनी कपाळाला हात लावला असता. सत्यजित आठवडाभर बोलला नसता. फार तर पंधरा दिवस. मी हे सगळं बसल्या बसल्या अगदी स्पष्ट बघितलं. माझ्या बाजूला पंधरा दिवसांचा अबोला होता आणि समोर अकरा गाड्या होत्या.

कुहू रडायला लागली. एकाएकी, कापड फाटावं तशी.

सगळे दचकले. "बघ गं, काय झालं तिला?" सत्यजित म्हणाला. "जा बाई, बाहेर वाऱ्यावर ने तिला," आबासाहेब म्हणाले. मी उठले. दारातून जाताना मिस्त्रींच्या इतक्या जवळून गेले की त्यांच्या सदऱ्याचा साबणाचा वास आला.

बाहेर दगडी पायऱ्या होत्या. समोर लांबलचक गॅरेज, आणि त्यात कापडाखाली झाकलेल्या गाड्या, ओळीने. मी कुहूला थोपटत पायरीवर बसले. आतलं बोलणं ऐकू यावं म्हणून कान दिला, पण ती थांबेना. एकदाच, तिने श्वास घेतला तेवढ्यात, मिस्त्रींचा आवाज आला.

"चूक झाली, आबासाहेब."

एवढंच. त्यांनी वाद घातला नाही, साक्ष मागितली नाही.

आबासाहेबांच्या गाड्या पुण्याच्या एका वर्कशॉपला गेल्या. क्लबच्या इतरांनीही हळूहळू आपापल्या गाड्या काढून नेल्या. घाटातली गोष्ट सगळ्यांनी ऐकली होती. निळ्या कागदातले पत्रे मिस्त्रींनी विकले. वर्षभराने शेडही सोडली आणि मिरजेला मेहुण्याकडे ट्रॅक्टरच्या कामाला लागले. सत्यजित कधी कधी म्हणतो, "मामांसारखा हात पुन्हा मिळाला नाही. म्हातारपणी कसं काय चुकले, कोण जाणे." मी त्याला अजून सांगितलेलं नाही. कुहू आता दहावीत आहे.

पण त्या दुपारी हे सगळं अजून घडायचं होतं. मी पायरीवर बसले होते आणि मिस्त्री बाहेर आले. चपला घालायला वाकले, मला बघून थांबले.

"मिस्त्री," मी म्हटलं, "मी... मला..."

"ऱ्हाऊ द्या, वहिनी."

तेच शब्द. या वेळी मला त्यांचा राग आला नाही.

कुहू हुंदके देत होती. "काय झालं माझ्या साहेबाला?" म्हणत त्यांनी हात पुढे केले आणि ती त्यांच्याकडे झेपावली. त्यांनी तिला उंच धरलं, खाली आणलं, पुन्हा उंच धरलं. ती गप्प झाली. तिचा फ्रॉक वर सरकला होता. मिस्त्रींची नजर तिच्या मांडीवर गेली आणि तिथेच राहिली. गुडघ्याच्या वर दोन लालबुंद खुणा होत्या, शेजारी शेजारी.

"मुंगी चावली जणू," ते म्हणाले.

कुहूला मुंगी चावली नव्हती. ती माझ्या खांद्यावर गाढ झोपली होती. आबासाहेब "इकडं बोल" म्हणाले तेव्हा मी तिच्या फ्रॉकखाली हात घातला आणि तिच्या मांडीला चिमटा काढला. ती झोपेतच नुसती हलली. म्हणून मी दुसरा काढला, नखांनी.

"हो," मी म्हटलं. "मुंगीच असेल."

मिस्त्रींनी मान हलवली. कुहूचा फ्रॉक नीट खाली ओढला आणि तिला माझ्या हातात दिलं. मग खांद्यावरचा पंचा काढला, गुडघे धरून खाली बसले आणि मी बसले होते ती पायरी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत झाडली. दगडांच्या फटींतसुद्धा वाकून बघितलं. सावकाश, काम करताना बघत तसं.

उठले, पंचा झटकून पुन्हा खांद्यावर टाकला.

"बसा आता," म्हणाले. "एकबी न्हाई."